एन्झाइमइतकंच लिपिडही सांभाळा

पीआय-३-कायनेज अल्फाची व्हायल प्रयोगशाळेत आली की सुरुवातीला तिचे फार लाड होतात. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये तिला वेगळा डबा मिळतो, झाकणावर तारीख पडते, विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा दंडक निघतो. तिच्याबरोबर मागवलेलं लिपिड मात्र कुठल्या तरी प्लास्टिकच्या नळीत, अर्धवट उघडं, साध्या फ्रीजच्या दारात पडून राहतं. महिन्याभराने रीडिंग वर-खाली व्हायला लागतात आणि खापर फुटतं ते एन्झाइमवर. कंपनीला पत्र जातं, नवी व्हायल येते, पुन्हा तेच.

ज्यांनी आधी प्रथिन-कायनेज हाताळले आहेत त्यांच्याकडून हे हमखास होतं. तिथे सब्स्ट्रेट म्हणजे पाण्यात विरघळणारा छोटा पेप्टाइड. मोजून घातला की त्याच्याकडे पुन्हा पाहावं लागत नाही. लिपिड कायनेजचा सब्स्ट्रेट पाण्याशी फटकून वागतो, भांड्याच्या भिंतीला चिकटतो, हवेने बिघडतो आणि कोणत्या रूपात समोर ठेवला आहे त्यावर एन्झाइमचा वेग ठरवतो. मानवी लिपिड कायनेज पहिल्यांदाच विकत घेऊन त्यावर एखाद्या रेणूची चाचणी करू पाहणाऱ्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे. उदाहरण पीआय-३-कायनेज अल्फाचं घेतलं आहे, कारण कर्करोग आणि इन्सुलिन या दोन्ही विषयांत काम करणाऱ्यांना ते केव्हा ना केव्हा भेटतंच.

व्हायलमध्ये असतं काय

पेशीच्या पडद्याच्या आतल्या अंगाला फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल जातीची लिपिडं थोड्या प्रमाणात असतात. त्यांच्या टोकाला इनोसिटॉलचं सहा कार्बनचं कडं असतं. त्या कड्याच्या तिसऱ्या जागी फॉस्फेट बसवणं हे या एन्झाइमचं काम. ही तिसरी जागा लुइस कँटली यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवून दिली. चौथ्या आणि पाचव्या जागी आधीच फॉस्फेट असलेल्या पीआयपी-२ पासून अशा रीतीने पीआयपी-३ तयार होतं, त्याला धरून एकेटी हे प्रथिन पडद्यापाशी येतं आणि वाढीचा, ग्लुकोज आत घेण्याचा संदेश पुढे सरकतो. पीटेन नावाचं एन्झाइम तेच फॉस्फेट पुन्हा काढून टाकतं. इन्सुलिनचा संदेश याच वाटेने जात असल्यामुळे अल्फा रोखणाऱ्या औषधांनी रुग्णाची रक्तशर्करा चढते.

अल्फाचं जनुक पीआयके-३-सीए. त्यातली उत्परिवर्तनं अनेक प्रकारच्या गाठींमध्ये वारंवार आढळतात हे २००४ मध्ये समोर आलं, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी अल्फा रोखणाऱ्या अल्पेलिसिबला मान्यता दिली. संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या, हर-२ नसलेल्या स्तनाच्या कर्करोगात सुमारे ४० टक्के गाठींमध्ये हे जनुक बदललेलं असतं.

तुम्ही विकत घेता ते एकटं प्रथिन नसतं, जोडी असते. पी-११०-अल्फा हा काम करणारा घटक आणि पी-८५-अल्फा हा त्याला धरून ठेवणारा. पी-८५ शिवाय पी-११०-अल्फा शरीराच्या तापमानाला टिकाव धरत नाही, आणि त्याच वेळी पी-८५ त्याला आवरूनही ठेवतो. वाढघटकाच्या ग्राहीवर फॉस्फेट लागलेलं टायरोसिन पी-८५ ला भेटलं की हा लगाम सैल होतो. व्हायलमधलं एन्झाइम म्हणूनच काहीसं आवरलेल्या अवस्थेतलं असतं. सिग्नल फारच कमी येत असेल तर पीडीजीएफ ग्राहीच्या धर्तीवर तयार केलेला, दोन टायरोसिनांवर फॉस्फेट असलेला पेप्टाइड घालून पाहता येतो. पण एकदा घातला तर सगळ्या प्लेटांमध्ये तोच आणि तेवढाच ठेवा. अर्धे आकडे पेप्टाइडसह आणि अर्धे त्याविना असले तर त्यांची तुलना होत नाही.

एवढी मोठी जोडी जिवाणूंमध्ये नीट घडी होऊन, क्रियाशील अशी मिळत नाही. ती बहुधा कीटकाच्या पेशींमध्ये बॅक्युलोव्हायरसच्या मदतीने तयार करतात. या पेशी एसएफ-९ म्हणून ओळखल्या जातात आणि त्या आल्या स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या पतंगाच्या कोषातल्या बीजकोश-ऊतीपासून. आपल्याकडे २०१८ पासून मक्याचं पीक फस्त करणारी अमेरिकन लष्करी अळी ती हीच. शेतकऱ्याची वैरीण प्रयोगशाळेत मात्र निमूटपणे मानवी प्रथिनं बनवून देते. विकत आणलेलं शुद्ध प्रथिन वापरायला वेगळी परवानगी लागत नाही, पण ते स्वतः बनवायचं ठरवलंत तर ते जनुकीय फेरबदलाचं काम होतं आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता आधी घ्यावी लागते.

मागवताना

केवळ 'पीआय-३-कायनेज' असं लिहून मागणीपत्र पाठवू नका. पहिल्या वर्गात चार भावंडं आहेत : अल्फा, बीटा, डेल्टा, गॅमा. पहिली दोन जवळजवळ सगळ्या पेशींत आढळतात, नंतरची दोन मुख्यतः पांढऱ्या रक्तपेशींत. गॅमाचा जोडीदार पी-८५ नसतोच, त्यामुळे गॅमाच्या व्हायलमध्ये तो शोधू नका. तिसऱ्या वर्गातलं व्हीपीएस-३४ तर पीआयपी-२ ला हातच लावत नाही, त्याला साधं फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल लागतं. अल्फामध्येही मूळ रूप हवं की बदललेलं, हे ठरवा. नेहमीची बदललेली रूपं तीन : ५४२ आणि ५४५ या जागांवरच्या ग्लुटामेटऐवजी लायसिन, आणि १०४७ व्या हिस्टिडिनऐवजी आर्जिनिन. पहिली दोन मधल्या हेलिकल भागात आहेत, तिसरं कायनेज भागात. तुमचा रेणू फक्त कर्करोगातल्या रूपाला रोखतो असा दावा करायचा असेल तर मूळ रूप सोबत हवंच.

प्रत्येक लॉटबरोबर विश्लेषण-प्रमाणपत्र येतं. ते फाइलला लावण्याआधी वाचा. जेलच्या चित्रात दोन पट्टे दिसले पाहिजेत, एक ११० किलोडाल्टनच्या आसपास आणि एक ८५ च्या. एकच पट्टा दिसला तर लगेच घाबरू नका, आधी टॅग कोणता ते पाहा. जीएसटी टॅग स्वतःच २६ किलोडाल्टनचा असतो. तो पी-८५ ला जोडला की पी-८५ सरकून पी-११० च्या शेजारी येऊन बसतो आणि दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळतात. जीएसटी स्वतः जोडी करून राहतो हेही ध्यानात ठेवा. निवड करता येत असेल तर हिस्टिडिनचा छोटा टॅग बरा.

विशिष्ट क्रियाशीलतेचा आकडा, म्हणजे दर मिनिटाला दर मिलिग्रॅममागे किती नॅनोमोल फॉस्फेट बसवलं, त्यावर दोन कंपन्यांची तुलना करण्याचा मोह होतो. एकीने तो पीआयपी-२ वर मोजलेला असतो, दुसरीने साध्या फॉस्फॅटिडिलइनोसिटॉलवर, एटीपीचं प्रमाण निराळं, तापमान निराळं. अशा दोन आकड्यांची तुलना निरर्थक आहे. त्याच कंपनीच्या दोन लॉटांची तुलना मात्र जरूर करा.

परदेशातून येणारी व्हायल ड्राय आइसमध्ये येते. माल सोमवार-मंगळवारी निघेल असं विक्रेत्याकडून लेखी घ्या, नाहीतर खोकं शनिवार-रविवार सीमाशुल्काच्या गोदामात अडकतं. संस्थेला शुल्कात सवलत मिळत असेल तर त्याचे कागद माल निघण्याआधी तयार हवेत. खोकं हातात आल्यावर ड्राय आइस किती उरला आहे ते पाहून फोटो काढा. तक्रार करायची वेळ आली तर तेवढाच पुरावा उपयोगी पडतो. आणखी एक बारीक गोष्ट : ड्राय आइस म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड. झाकण जरा सैल असलं तर तो वायू नळीत शिरतो आणि द्रव वितळताना त्याची आम्लता वाढते. आल्या आल्या व्हायल वितळवू नका, एक रात्र उणे ८० ला राहू द्या.

वाटण्या आणि हिशेब

व्हायल बर्फावर वितळवा, क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून द्रव तळाशी आणा, व्हॉर्टेक्सवर चुकूनही धरू नका. लगेच छोट्या वाटण्या करून परत उणे ८० ला ठेवा. एक वाटणी एका दिवसाच्या कामापुरती. उरलेलं टाकून द्या. टाकताना जीव हळहळतो हे खरं, पण पुन्हा गोठवलेल्या एन्झाइमवर घालवलेला आठवडा त्याहून महाग पडतो.

हिशेब केला की हळहळ कमीही होते. जोडीचं एकत्रित वजन सुमारे २०८ किलोडाल्टन. समजा व्हायलमध्ये १० मायक्रोग्रॅम एन्झाइम आहे, दर मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम या प्रमाणात. म्हणजे तीव्रता जवळजवळ ४८० नॅनोमोलर. २५ मायक्रोलिटरच्या वेलमध्ये १ नॅनोमोलर एन्झाइम हवं असेल तर दर वेलला ५.२ नॅनोग्रॅम पुरतं. कागदावर एका व्हायलमध्ये एकोणीसशे वेल होतात. प्रत्यक्षात निम्मे झाले तरी पुष्कळ.

इतकं पातळ केलेलं प्रथिन प्लास्टिकला चिकटून नाहीसं होतं, म्हणून पातळ करण्याच्या बफरमध्ये थोडं बीएसए घाला आणि कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा. पातळ केलेलं एन्झाइम दुसऱ्या दिवसासाठी कधीही ठेवू नका.

एन्झाइम जास्त घालून सिग्नल वाढवण्याची पळवाट बऱ्याच जणांना सुचते. तिची किंमत असते. वेलमध्ये १० नॅनोमोलर एन्झाइम असेल तर कितीही जोरदार रोधक घाला, निम्मं एन्झाइम रोखायला निदान ५ नॅनोमोलर रोधक लागणारच. अल्पेलिसिबचा आयसी-५० याच पातळीवर, सुमारे ५ नॅनोमोलर आहे. तुमच्या हातात त्याहून सरस रेणू आला तरी अशा प्लेटवर तो ओळखू येणार नाही.

लिपिडचं प्रकरण

इथे घाई करू नका. पीआयपी-२ दोन रूपांत मिळतं. एक आखूड शेपट्यांचं, आठ-आठ कार्बनच्या. ते पाण्यात विरघळतं, पिपेटने नेमकं मोजता येतं, आणि नवख्याने सुरुवात त्यानेच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं लांब शेपट्यांचं, बहुधा प्राण्यांच्या मेंदूतून काढलेलं, पेशीतल्या लिपिडच्या जवळचं. ते पाण्यात विरघळत नाही, त्याच्या पुटिका (व्हेसिकल) कराव्या लागतात. हे काम कष्टाचं आहे, पण शेवटी ज्या रेणूबद्दल काही ठाम बोलायचं आहे त्याची परीक्षा पुटिकांवर व्हायला हवी, कारण खरं एन्झाइम पडद्याच्या पृष्ठभागावर काम करतं.

लांब शेपट्यांचं लिपिड क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी यांच्या मिश्रणात येतं. क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधले पदार्थ ओढून घेतो, काही प्लास्टिक तर विरघळवतो. काचेची कुपी, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण आणि काचेची सिरिंज एवढंच वापरा, तेही फ्यूमहूडमध्ये. नैसर्गिक पीआयपी-२ मध्ये ॲराकिडोनिक आम्लाची शेपटी असते आणि तिच्यातले दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनने लवकर बिघडतात, म्हणून कुपी बंद करण्याआधी वर नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडा. उणे २० अंशांवरून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत थंड कुपी उघडली तर आत किती दमट हवा शिरते, ते पावसाळ्यात चष्मा घालणाऱ्यांना सांगायला नको.

पुटिका करण्याची रीत अशी. पीआयपी-२ आणि फॉस्फॅटिडिलसेरिन ठरलेल्या प्रमाणात काचेच्या नळीत एकत्र करा. नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली द्रावक उडवा, म्हणजे काचेवर पातळ थर बसेल. नळी व्हॅक्यूममध्ये निदान तासभर ठेवा, कारण उरलेला क्लोरोफॉर्म एन्झाइमला मारतो. मग बफर घालून थर सुटेपर्यंत हलवा आणि गढूळपणा जाऊन द्रव जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत सोनिकेटरमध्ये धरा, किंवा १०० नॅनोमीटरच्या छिद्रांच्या पडद्यातून दहा-अकरा वेळा दाबून काढा. या बफरमध्ये कॅल्शियम नको. पीआयपी-२ वर ऋण भार भरपूर असतो आणि कॅल्शियम आलं की त्याचे गोळे होतात. मॅग्नेशियमही नंतर, एटीपीबरोबरच घाला. पुटिका त्याच दिवशी वापरा.

आता एक मुद्दा, जो पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतात. पुटिकांच्या बाबतीत 'लिपिडची तीव्रता' असा एकच आकडा नसतो. एक आकडा असतो वेलमध्ये एकूण लिपिड किती याचा, आणि दुसरा असतो पुटिकेच्या पृष्ठभागावर शंभर रेणूंमागे पीआयपी-२ किती याचा. तशाच पुटिका दुप्पट घातल्या तर पहिला बदलतो, दुसरा नाही. पुटिकेतलं पीआयपी-२ चं प्रमाण दुप्पट केलं तर एन्झाइमच्या पायाखालची जमीनच बदलते आणि वेग वेगळ्या रीतीने वाढतो. पेशीच्या पडद्यात पीआयपी-२ एकूण फॉस्फोलिपिडच्या एक टक्क्याच्या आसपास असतं. चाचणीत आपण सिग्नलसाठी त्याहून खूप जास्त ठेवतो. त्यातच पुटिकेच्या आतल्या थरातलं लिपिड एन्झाइमला पोचतच नाही, म्हणजे कागदावरच्या सब्स्ट्रेटपैकी जवळपास निम्माच खरा. वहीत दोन्ही आकडे लिहा.

एखादा रेणू एन्झाइमला न शिवताही पुटिकांची वाट लावू शकतो, विशेषतः तेलकट आणि धन भाराचा असेल तर. अशा वेळी आलेख रोधकासारखाच दिसतो. याला उपाय सोपा आहे : लिपिडचं प्रमाण तिप्पट करून चाचणी पुन्हा घ्या. रेणू खरोखर एटीपीच्या जागी बसत असेल तर आयसी-५० फारसा हलणार नाही. तो लिपिडबरोबर वर सरकला तर संशय धरा.

नव्या लिपिडचा लॉट जुना संपण्याआधी मागवा आणि दोन्ही लॉट एकाच प्लेटवर, एकाच एन्झाइमवर शेजारी शेजारी चालवून पाहा. एन्झाइमच्या बाबतीत ही खबरदारी बरेच जण घेतात. लिपिडच्या बाबतीत ती घेणारे फार थोडे.

मोजायचं कसं

पूर्वीची पद्धत किरणोत्सारी फॉस्फरसची. फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य १४.३ दिवस आणि फॉस्फरस-३३ चं २५ दिवसांच्या जवळपास. ही पद्धत थेट पीआयपी-३ मोजते, त्यामुळे अजूनही तिचा शब्द शेवटचा मानतात. पण तिला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि वेगळी खोली लागते, जी बहुतेक महाविद्यालयांत नाही. दुसरी पद्धत पीआयपी-३ ला धरणारं प्रथिन वापरून प्रकाशाच्या फरकाने मोजण्याची. तिसरी, आणि आज सर्वांत सोयीची, एटीपीपासून किती एडीपी तयार झालं ते मोजण्याची : अभिक्रिया थांबवायची, उरलेलं एटीपी संपवायचं, मग एडीपीचं पुन्हा एटीपी करून काजव्याच्या ल्युसिफरेजने उजेड पाडायचा.

या तिसऱ्या पद्धतीत एक खाच आहे. ती पीआयपी-३ बघत नाही, खर्च झालेलं एटीपी बघते. पीआय-३-कायनेज लिपिड नसतानाही थोडं एटीपी मोडतं, शिवाय अल्फा आपल्याच जोडीदारावर, पी-८५ च्या ६०८ व्या सेरिनवर, फॉस्फेट बसवतं. म्हणून प्रत्येक प्लेटवर लिपिडविना एन्झाइम असलेले वेल हवेतच. एन्झाइमविना लिपिड असलेले हवेत. फक्त एटीपी असलेलेही हवेत, कारण स्वस्त एटीपीमध्ये मुळातच एडीपी मिसळलेलं असतं. एन्झाइम, लिपिड आणि रोधक असे तीनच प्रकारचे वेल असलेली प्लेट कुणी माझ्यासमोर ठेवली तर मी आकडे पाहण्याआधी ती परत पाठवतो.

एन्झाइम किती आणि वेळ किती, हे प्रत्यक्ष घेऊन ठरवा, किटच्या पुस्तिकेवरून उचलू नका. एन्झाइमचं प्रमाण निम्मं-निम्मं करत जा, पाच-सहा वेळांना रीडिंग घ्या आणि रेषा जिथवर सरळ आहे तिथवरच राहा. सब्स्ट्रेटचा दहा टक्क्यांहून फार मोठा भाग संपू देऊ नका. वाकलेल्या रेषेवर काढलेला आयसी-५० नेहमी रोधकाला प्रत्यक्षापेक्षा दुबळं दाखवतो.

पुस्तिकेत 'रूम टेम्परेचर' लिहिलेलं असतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या खोलीत २० ते २५ अंश असतात. मे महिन्यात नागपुरात एसी बंद असलेली खोली या व्याख्येत बसत नाही. इन्क्युबेटर २५ किंवा ३० अंशांवर लावा आणि वर्षभर तेच ठेवा.

एटीपीच्या प्रमाणावर आयसी-५० अवलंबून असतो, हे सर्वांना माहीत असतं आणि लिहिताना सगळे विसरतात. रोधक एटीपीशी स्पर्धा करणारा असेल तर चेंग आणि प्रुसॉफ यांचं १९७३ चं समीकरण लागू होतं. समजा एटीपीचं केएम ५० मायक्रोमोलर आहे आणि रोधकाचा केआय ५ नॅनोमोलर. एटीपी ५० मायक्रोमोलर ठेवलं तर आयसी-५० येईल १० नॅनोमोलर. तेच एटीपी पेशीत असतं तसं २ मिलिमोलर केलं तर येईल २०५ नॅनोमोलर. रेणू तोच, एन्झाइम तेच, आकडा वीसपट वेगळा. म्हणून आयसी-५० सोबत एटीपीचं प्रमाण छापलेलं नसेल तर तो आकडा कुणाशीही तुलना करण्याच्या लायकीचा नाही.

ओळखीचा रोधक प्रत्येक प्लेटवर असू द्या. वॉर्टमॅनिन जोरदार आहे, पण ते अल्फाच्या ८०२ व्या लायसिनला कायमचं जोडून बसतं, त्यामुळे त्याचा आयसी-५० आधी किती मिनिटं एन्झाइमबरोबर ठेवलं त्यावर बदलतो. पाण्यात ते लवकर बिघडतंही. रोजच्या तपासणीसाठी अल्पेलिसिब अधिक शिस्तीचा. डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखंच ठेवा, एक टक्क्याच्या वर नेऊ नका. प्लेटचा झेड-प्राइम, म्हणजे चाचणीच्या दर्जाचा निर्देशांक, ०.५ च्या खाली गेला तर त्या दिवसाचे आकडे बाजूला ठेवा, मग त्यात कितीही छान आलेख दडलेला असो.

वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या अनेक प्रबंधांमध्ये कायनेजवर हळदीचा, कांद्याच्या सालीचा किंवा एखाद्या औषधी वनस्पतीचा अर्क टाकलेला असतो. कल्पना वाईट नाही. एलवाय-२९४००२ हा पीआय-३-कायनेजचा जुना, नावाजलेला रोधक क्वेर्सेटिनच्या साच्यावरून तयार झाला, आणि क्वेर्सेटिन आपल्या कांद्यात भरपूर असतं. एली लिली कंपनीच्या संशोधकांनी १९९४ मध्ये तो मांडला. त्याचा आयसी-५० सुमारे १.४ मायक्रोमोलर. पुढे कळलं की तो एमटॉर आणि केसीन कायनेज-२ यांनाही रोखतो. तेव्हा केवळ एलवाय-२९४००२ च्या आधारावर 'हा परिणाम पीआय-३-कायनेजमुळेच' असं आज लिहू नये.

अडचण अर्कात नाही, त्याच्या वाचनात आहे. फ्लॅवोनॉइड आणि पॉलिफिनॉल जातीचे पुष्कळ रेणू पाण्यात आपसात गोळा होऊन एन्झाइमला चिकटतात आणि रोधक असल्याचा आव आणतात. काही ल्युसिफरेजलाच रोखतात, म्हणजे उजेड कमी होतो आणि तुम्हाला वाटतं कायनेज थांबलं. रेस्व्हेराट्रॉल याचं ठळक उदाहरण. कर्क्युमिन तर चाचण्यांना फसवण्यासाठी कुप्रसिद्ध आहे; २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'ने त्याच्या रसायनशास्त्राचा जो विस्तृत आढावा छापला, तो हळदीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने प्रस्ताव लिहिण्याआधी वाचावा.

यातून वाट काढता येते. कायनेज न घालता, ठरावीक एटीपी-एडीपीच्या मिश्रणात रेणू टाकून उजेड मोजा. तो कमी झाला तर दोष ल्युसिफरेजच्या बाजूचा. गोळा होणारे रेणू ओळखायला ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून परिणाम नाहीसा होतो का ते पाहतात. पण हे पुटिकांवर करू नका, डिटर्जंट पुटिकांना बिघडवेल आणि निष्कर्ष उलटासुलटा होईल. या परीक्षेसाठी आखूड शेपट्यांचं पाण्यात विरघळणारं पीआयपी-२ घ्या. दुसरी खूण म्हणजे एन्झाइम पाचपट केल्यावर आयसी-५० जर तितकाच चढत गेला, तर रेणू गोळे करून फसवत आहे असं समजा. नुसत्या अर्कासाठी आयसी-५० 'मायक्रोग्रॅम दर मिलिलिटर'मध्ये लिहिणं ही पहिली पायरी आहे. तिथेच थांबून औषधाची भाषा बोलू नका.

एन्झाइमच्या डब्यावर 'केवळ संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं, तेही अक्षरशः घ्या. रुग्णाच्या नमुन्याचं निदान करण्यासाठी ही व्हायल बनलेली नाही.

तुमचा प्रबंध किंवा शोधनिबंध लिहून होईल तेव्हा पद्धतींच्या विभागात एवढं जरूर येऊ द्या : एन्झाइमचं रूप, त्याचा टॅग आणि लॉट क्रमांक, वेलमधली त्याची तीव्रता, लिपिड कोणतं आणि कोणत्या रूपात, पुटिकेतलं त्याचं प्रमाण, एटीपी किती, तापमान किती, वेळ किती, डीएमएसओ किती टक्के. सात-आठ ओळी लागतील. परीक्षकाने त्या कापायला सांगितल्या तर त्या परिशिष्टात टाका, पण काढू नका.